सोंग घेतलेला गोलंदाज

दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या पोराला कुणी जाब विचारत नाही. दगडविटांवर चिखलात बुडवलेलं पोतं, त्यावर पेरलेले अळीव, सिंहासनावर महाराज आणि दरवाजापेक्षा उंच मावळा, सगळं गोड मानून घ्यायचं असतं. हाच उद्योग पन्नाशी उलटलेल्या माणसाने जेवणाच्या टेबलावर, भिंगाच्या दिव्याखाली, तीन शून्यांचा ब्रश घेऊन मांडला की घरी येणारे पाहुणे दोन जातींचे निघतात. पहिला म्हणतो, "अजून किल्ल्याचं वेड गेलं नाही का?" त्याला चहा द्यावा. दुसरा वाचन असलेला असतो, आणि त्याचं चहावर भागत नाही.

त्याचा पूर्वपक्ष त्याच्याच ताकदीने मांडायचा तर असा. युद्धाचा इतिहास कागदपत्रांतून सिद्ध होतो. शिशाचे सैनिक फार तर त्या सिद्ध झालेल्या इतिहासाची आरास करतात. आरास जितकी हुबेहूब तितकी फसवी, कारण बुटावरचा चिखल खरा वाटला की पाहणारा बाकीचंही खरं धरून चालतो. शिवाय ५४ मिलिमीटरच्या माणसाला घामाचा वास नसतो, तो पाण्यासाठी ओरडत नाही. संहाराचं खेळणं होतं, आणि खेळणं नेहमी सुंदरच दिसतं. शहाण्यासुरत्या माणसांत हे मत आज जवळजवळ सर्वमान्य आहे. त्यातलं निम्मं मलाही मान्य आहे.

मान्य निम्मं आधी उरकतो. या छंदाच्या बाजारात जर्मन रणगाड्यांचा सुळसुळाट आहे. चिलखती पत्र्यावर गंज कसा चढवावा यावर लोक रात्री जागवतात. तो रणगाडा कशावरून गेला हे त्याच्या पट्ट्यांखाली दाखवणारे विरळा. आणि मापाच्या अचूकतेचा एवढा टेंभा मिरवण्याचंही कारण नाही. तामिया या जपानी कंपनीने १९६०च्या दशकाच्या आरंभी पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं. आत मोटार आणि बॅटऱ्या मावायला हव्यात म्हणून त्याचं माप १:३५ ठरलं, आणि पुढे तेच जगभरच्या छांदिष्टांचं प्रमाण झालं. आमच्या वास्तवाच्या मुळाशी एक विजेरी आहे, हे कबूल.

पण युद्धाच्या गौरवाचा हा दोष माध्यमाचा की वापरणाऱ्याचा? जेक आणि डिनोस चॅपमन या ब्रिटिश भावांनी हेच बोटभर उंचीचे सैनिक घेऊन 'हेल' नावाची कलाकृती केली होती. नऊ काचपेट्या स्वस्तिकाच्या आकारात मांडलेल्या आणि आत नाझी गणवेशातल्या हजारो बाहुल्या यातना देताहेत, भोगताहेत. २००४मध्ये गोदामाला आग लागून ती जळाली, तेव्हा दोघांनी ती नव्याने उभी केली. ती पाहून कुणाला सैन्यात भरती व्हावंसं वाटेल असं वाटत नाही. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. पहिल्या महायुद्धाचा त्या देशाचा अधिकृत इतिहासकार चार्ल्स बीन हा कागदपत्रांचा माणूस. त्यानेच संग्रहालयात डायोरामा, म्हणजे छोट्या मूर्ती मांडून उभी केलेली रणदृश्यं, हवेत असा आग्रह धरला, आणि शिल्पकारांना प्रत्यक्ष रणभूमीची पाहणी करायला लावली. कॅनबेराच्या वॉर मेमोरियलमधल्या त्या दृश्यांत चिखलात रुतलेली, थकलेली, मरून पडलेली माणसं आहेत. सगळे कागद ज्याच्या हाताखालून गेले, त्यालाच ते पुरेसे वाटले नव्हते.

आता मुख्य मुद्दा, 'आरास' हा शब्द. विल्यम सायबॉर्न या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याला १८३०मध्ये वॉटर्लूच्या रणभूमीचं मॉडेल करायचं काम मिळालं. १८१५च्या त्या लढाईत तो स्वतः नव्हता. त्याने रणभूमीच्या ऐन मध्यावरच्या ला हे सांत या शेतवाड्यात आठ महिने मुक्काम ठोकला आणि उंचसखल जमीन मोजून काढली. मग लढाईत असलेल्या, अजून हयात असलेल्या अधिकाऱ्यांना छापील पत्रं धाडली. विचारणा साधीच होती: संध्याकाळी सातच्या सुमारास, नेपोलियनची खास गारद शेवटचा हल्ला करत होती तेव्हा, तुमची तुकडी कुठे होती? कोणत्या रचनेत होती? समोर शत्रू कोण होता? शेतात पीक काय होतं?

लढाईनंतरच्या जवळपास वीस वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. पुस्तकाला त्याची गरजच नव्हती, कारण पुस्तकाला 'दिवस कलता कलता प्रशियन फौजही येऊन मिळाली' असं लिहून पुढे जाता येतं. मॉडेलला ही सोय नाही. कथलाचा प्रशियन शिपाई टेबलावर या कुंपणाच्या अलीकडे तरी असतो, नाहीतर पलीकडे. तो 'कलता कलता' उभा राहू शकत नाही.

सायबॉर्नने उत्तरं ताडून पाहिली आणि प्रशियन फौज बरीच आत घुसलेली दाखवली. तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. सातच्या ठोक्याला प्रशियन सेनापती ब्ल्यूखरचे लोक एवढे आत असतील, तर वॉटर्लूचा विजय कुणाचा? त्या लढाईतला ब्रिटिश सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टन, त्याच्या गोटाला हे चित्र रुचलं नाही. सरकारी पैसा आधीच आटला होता. सायबॉर्न कर्जात बुडाला. शेवटी त्याने हजारो प्रशियन सैनिक मॉडेलवरून उचलले. १८३८मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये ते लोकांपुढे आलं, आणि आज नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

ही गोष्ट माझ्या पाहुण्याला सांगितली की तो टाळी मागतो: "बघा, शेवटी मॉडेल खोटंच ठरलं!" ठरलं, आणि दबावाने ठरलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण युरोपातला सर्वांत प्रतिष्ठित सेनानी बोटाच्या पेराएवढ्या शिशाच्या तुकड्यांवरून अस्वस्थ का व्हावा? आरास कुणाला झोंबत नाही. झोंबतं ते विधान. आणि मॉडेलपायी गोळा झालेली शेकडो पत्रं मागे उरली. सायबॉर्नच्या मुलाने त्यांतली निवडक १८९१मध्ये छापली, आणि वॉटर्लूवर लिहिणारा अभ्यासक आजही त्यांच्यापाशी येतो. कागदाने देखाव्याला जन्म दिला असं आपण समजतो. इथे देखाव्याने कागद जन्माला घातले.

याच वेलिंग्टनचं आपल्याकडचं खातंही उघडतो, कारण माझ्या टेबलावर सध्या तेच आहे. २३ सप्टेंबर १८०३, असई, आजचा जालना जिल्हा. तेव्हा तो नुसता आर्थर वेलस्ली होता, समोर शिंदे-भोसल्यांची फौज होती. वाटाडे म्हणाले, केळणा नदीला इथे उतार नाही. त्याने पाहिलं की नदीच्या दोन काठांवर दोन गावं समोरासमोर आहेत. इंग्रजी नकाशांत त्यांची नावं पीपलगाव आणि वारूर अशी येतात. समोरासमोरच्या गावांतली माणसं येत-जात असणारच, म्हणजे उतार असणारच, हा त्याचा तर्क. तो खरा निघाला. हे वाक्य मी पुस्तकात दहा वेळा वाचलं होतं. थर्माकोल कापून दोन काठ केले, त्यावर गावं ठेवली आणि नजर टेबलाच्या पातळीवर आणली, तेव्हा कुठे कळलं की हा तर्क घोड्यावर बसल्या बसल्या, डोळ्यांनी झाला होता. वेलस्ली नदी ओलांडतो आहे हे कळताच शिंद्यांच्या पलटणींनी केळणा आणि जुई यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत आपली आघाडी फिरवली. ही 'फिरवली' केवढी कवायत आहे, हे मला पत्त्यांच्या कॅटएवढ्या पलटणी हाताने वळवताना उमगलं. तोफांसकट. कवायती फौज म्हणजे काय, याचं तेवढं एक प्रमाण पुरे.

पण मी अडलो आहे तो एका माणसापाशी. इंग्रजी वृत्तांत सांगतात की इंग्रजांची रांग मराठी तोफांवरून पुढे गेली, तेव्हा मेल्याचं सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी तोफा फिरवून पाठीमागून मारा केला. वाचताना वाक्य सरळ जातं. एम-सीलने माणूस घडवायला घेतला की सरळ राहत नाही. तोफेच्या चाकाशी पडलेला हा माणूस कुशीवर करू की पालथा? सोंग घेतलेल्याची मूठ सैल असते की आवळलेली? तोफगाड्याखाली असे दहा जण असतील तर त्यांतले खरे मेलेले किती? आणि जखमी होऊन पडलेला, शुद्धीवर येताच पुन्हा बत्ती हातात घेणारा जो असेल, त्याला 'सोंग' हा शब्द कुणी लावला? ज्याच्या पाठीत गोळा बसला त्याने. ग्रंथात हा शब्द दोनशे वर्षं बिनतक्रार चालला. टेबलावर तो एक दिवसही टिकला नाही.

मी तिघे केले आहेत. एक मेलेला, एक मांडीला गोळी लागलेला, एक डोळे मिटून पडलेला. पाहणाऱ्याला फरक कळणार नाही, आणि त्या दिवशी वरून जाणाऱ्या शिपायालाही तो कळला नव्हता. काथ्याचं गवत, फेविकॉलवर भुरभुरलेली काळी माती, हे सगळं झालं. अंगावरचे कपडे राहिलेत. पलटणींच्या शिपायांची चित्रं मिळतात. गोलंदाजाच्या अंगात त्या दिवशी नेमकं काय होतं याबद्दल माझी खात्री पटेना, आणि अंदाजाचा रंग मला लावायचा नाही.

म्हणून एक विनंती. शिंद्यांच्या तोफखान्यात चाकरी केलेल्यांचे वंशज वाचकांत असतील, आणि कुणाच्या घरी जुन्या दप्तरात पगाराची याद, कापडचोपडाचा हिशेब, एखादं चित्र पडून असेल, तर कृपया संपादकांमार्फत कळवावं. अंगरखा कसा होता आणि कोणत्या रंगाचा होता, एवढं समजलं तरी चालेल.