पांढरीतलं घर कुणाच्या नावावर?



अजिंठ्याची लेणी पाहायला आपण सगळ्याजणी कधी ना कधी गेलेल्या असतो. जळगावकडून या किंवा संभाजीनगरकडून घाट उतरून या, फर्दापूर वाटेत लागतंच. गाडी लावायची, पाणी प्यायचं, लेण्यांकडे निघायचं. गावात मुघलांच्या काळातली दगडी सराई आहे, तिकडे फारसं कुणी वळत नाही. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल या भागात राहिला, एवढंच या गावाचं नाव इतिहासाच्या पुस्तकात येतं.

मला मात्र फर्दापूर आठवतं ते दुसऱ्याच कारणानं. आमच्या काकीसा तिथल्या. आणि एकोणिसाव्या शतकात "हे घर आमचं आहे" हे सिद्ध करणं किती अवघड होतं, हे समजून घ्यायला या गावासारखी जागा नाही. कारण हे गाव तीन राज्यांच्या कोपऱ्यात होतं. स्वतः फर्दापूर निजामाच्या मुलखात. उत्तरेला काही कोसांवर खानदेश, तिथे १८१८ पासून इंग्रज. पूर्वेला डोंगरापलीकडे वऱ्हाड, तेही १८५३ च्या तहानं निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेलं. म्हणजे एका घरची लेक खानदेशात दिली, दुसरी वऱ्हाडात दिली, तर तिघींच्या घरांचा पुरावा तीन कचेऱ्यांत वेगवेगळ्या तऱ्हेनं मागितला जायचा.

जुन्या बोलीत गावाचे दोन भाग असतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. आपल्या श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात परिग्रहाचं परिमाण ठरवताना सुरुवातीलाच क्षेत्र आणि वास्तू असे दोन शब्द येतात. क्षेत्र म्हणजे काळी, वास्तू म्हणजे पांढरी. पर्युषणात हे ऐकताना मला नेहमी गंमत वाटते, की मर्यादा घालायची तर आधी आपलं काय आणि किती हे ठाऊक हवं. आणि आपल्यातल्या कितीजणींना ते ठाऊक असतं?

इंग्रज येण्याआधी पांढरीतलं घर सिद्ध व्हायचं ते माणसांच्या तोंडून. वाद निघाला की गोत बसायचं. पाटील, कुलकर्णी, चौगुला, बलुतेदार, शेजारचे मिरासदार. जमीन पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्याकडे आहे तो मिरासदार, त्याच्याकडे मिरासपत्र असे. सारा भरत राहिला तर त्याला कुणी उठवू शकत नसे, आणि दुष्काळात गाव सोडून गेलेला मिरासदार बऱ्याच वर्षांनी परतला तरी त्याचा हक्क गाव मानत असे. निवाडा झाला की त्याचा महजर लिहायचा, खाली सगळ्यांच्या साक्षी. शेतकऱ्याच्या सहीच्या जागी नांगर काढलेला असे. शिवेचा वाद असेल तर महाराची साक्ष मोठी मानली जाई, कारण गावाची शीव पायाखाली घालणारा तोच. ज्याला गावात बसायला धड जागा दिली नाही, त्याच्याच शब्दावर इतरांच्या जागा ठरत होत्या. हे वाचताना थांबायला होतं.

इंग्रजांच्या राज्यात माणसाच्या शब्दापेक्षा कागद मोठा झाला. खानदेशासह दख्खनभर इनाम जमिनींची चौकशी सुरू झाली. आधी १८४३ पासून दक्षिण महाराष्ट्रात, मग १८५२ च्या ११ व्या कायद्यानं रीतसर इनाम कमिशन. ज्यांच्या जमिनीला सारा माफ होता त्यांनी सनद दाखवायची. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद त्यासाठी ताब्यात घेतले, कारण खोट्या सनदा तयार होतात असा सरकारला संशय. (तो संशय अगदीच खोटा नव्हता.) ते कागद कापडात बांधलेले असतात, त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. असे हजारो रुमाल आजही पुण्याच्या दफ्तरात आहेत.

सनद नसेल तर? वहिवाट दाखवायची. आणि इथे तो नियम येतो, जो मी दोनदा वाचला. इंग्रजी अंमल सुरू होण्याआधी ६० वर्षं जमीन सलग ताब्यात हवी, आणि त्या वेळी ती मूळ धारकाच्या नातवाकडे किंवा त्याच्या पुढच्या पुरुष वारसाकडे असायला हवी. मग ती चालू राहणार, पण किती दिवस? त्या घराण्यात औरस पुरुष वारस आहे तोपर्यंत. दत्तक मुलाचं काय, विधवेचं काय, मुलीचं काय, या प्रश्नांना त्या ओळीत जागाच नव्हती. जॉन के नावाच्या इंग्रज इतिहासकारानं लिहून ठेवलंय की सुमारे ३५,००० लहानमोठ्या मिळकतींना कागद दाखवायला सांगितलं गेलं, आणि पहिल्या पाच वर्षांत त्यातल्या पाचांत तीन सरकारजमा झाल्या. १८५७ नंतर सरकार नरमलं. १८६३ च्या कायद्यानं सांगितलं, चौकशी नको असेल तर आकाराचा ठराविक हिस्सा दरसाल भरा आणि जमीन तुमची. अनेकांनी मुकाट्यानं ते पत्करलं.

हे झालं काळीचं. पांढरीकडे सरकारचं लक्ष उशिरा गेलं. १८७९ च्या जमीन महसूल कायद्यात मोठ्या गावांत आणि शहरांत घरांच्या जागा मोजून प्रत्येकाला सनद द्यायची सोय झाली. जळगाव, धुळ्याकडच्या जुन्या घरांत ही सनद अजून सापडते. लहान गावांचं गावठाण मात्र एकाच रेघेत मोजलं गेलं, आतल्या घरांच्या भिंती कागदावर आल्याच नाहीत.

निजामाच्या बाजूला गोष्ट निराळी. तिथे आधी महसुलाचा मक्ता दिला जायचा, मक्तेदार बदलला की त्याची माणसं बदलायची. पहिले सालारजंग १८५३ मध्ये दिवाण झाले, त्यांनी १८६५ मध्ये जिलाबंदी करून पगारी अंमलदार नेमले, आणि पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी सुरू केली. इनामाची चौकशी होऊन जो उतारा मिळायचा त्याला मुंतखब म्हणत. गावचा हिशेब मोडीत, वरची कचेरी फारसीत, आणि १८८४ च्या सुमारास फारसी जाऊन उर्दू आली. आपल्याच घराचा कागद वाचून घ्यायला दुसऱ्याच्या दारात जावं लागायचं. पुरुषांनाही, मग बायकांचं विचारूच नका.

आपले पूर्वज या सगळ्यात कुठे होते? मारवाडातून आलेल्यांकडे ना मिरासपत्र होतं, ना गोतात जागा. फर्दापूरजवळच्या वाकोदचं उदाहरण तुम्हाला माहीत असेल. भवरलालजी जैन यांचा जन्म तिथला, आणि त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी राजस्थानातून तिथे आले. अशा नव्या माणसाचं घर सिद्ध व्हायचं ते खरेदीखतानं नाहीतर गहाणखतानं. कागदावर त्यांचा भरवसा होता, कारण त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतंच.

पण या भरवशाची दुसरी बाजूही लिहायला हवी. त्याच कागदांनी कुणब्यांच्या जमिनी गेल्या. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला लोक उठले. मारवाडी आणि गुजर सावकारांच्या घरातून, त्यात आपले जैनही आले, खतं-रोखे काढून त्यांनी जाळले. पैशापेक्षा कागदावर राग होता. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला आणि कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराची सगळी कहाणी तपासता येऊ लागली. कागद खरा असला तरी त्यामागचा व्यवहार खरा हवा, हे आपल्या तिसऱ्या अणुव्रताला तरी नवीन नाही.

आता बायकांकडे येते.

विधवा जैन स्त्रीचा हक्क काय, हा प्रश्न त्या काळी कोर्टात वारंवार गेला. मुंबई हायकोर्टानं १८७३ मध्ये एका निकालात सांगितलं की जैनांना सर्वसाधारण हिंदू कायदा लागू, आणि आमचा रिवाज वेगळा आहे असं कुणी म्हणत असेल तर तो त्यानं सिद्ध करावा. हिंदू कायद्यात विधवेला नवऱ्याच्या मिळकतीवर मर्यादित हक्क, हयातीपुरता. मग उत्तर भारतातल्या दाखो नावाच्या सरावगी अग्रवाल जैन विधवेचा दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचला. शिवसिंग राय विरुद्ध दाखो, निकाल १८७८ चा. रिवाज सिद्ध करायला जैन समाजातल्या माणसांच्या साक्षी घेतल्या गेल्या. आमच्यात विधवा नवऱ्याच्या परवानगीशिवाय दत्तक घेते, मुलीचा मुलगाही दत्तक घेता येतो, नवऱ्यानं स्वतः कमावलेली मिळकत पूर्णपणे तिची होते. प्रिव्ही कौन्सिलनं ते मानलं. दाखोबाईंकडे हा हक्क सांगणारा कागद नव्हता. समाजाच्या तोंडचा शब्द होता, आणि तो टिकला. गोत बसलं म्हणायचं, फक्त कोर्टाच्या खोलीत.

हा निकाल आपल्या आज्यांच्या कानावर कधी पडला असेल असं वाटत नाही. माझ्या तर लग्नानंतर वीस वर्षांनी पडला.

तर आमच्या काकीसा. काकासा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. फर्दापूरच्या घरात एकट्या राहतात, सकाळचं सामायिक चुकवत नाहीत. घर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर अजून काकासांच्याच नावानं. २०२० पासून केंद्राची स्वामित्व योजना आहे, तिच्यात ड्रोननं गावठाण मोजून प्रत्येक घराचं मालमत्ता पत्रक मिळतं. म्हणजे १८७९ मध्ये लहान गावांचं जे राहून गेलं ते आता होतंय. घरात मोजणीचा विषय निघाला तेव्हा एक पुतण्या सहज म्हणाला, "काकीसा, तुम्ही कशाला धावपळ करता? माझं नाव लावून टाकतो, घर काय कुठे जातंय?"

मुलगा वाईट नाही. औषधपाणी तोच बघतो. पण मला तो १८५२ चा नियम आठवला.

मी काकीसांना एवढंच सांगितलं, की १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे, त्यात विधवा पहिल्या वर्गाची वारस आहे, आणि नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा शेवटचा शब्द नव्हे. काकीसा काही बोलल्या नाहीत. दुपारी त्यांनी माळ्यावरची पितळी कड्यांची पेटी उतरवून घेतली.

त्या पेटीत काय होतं ते सांगते, कारण तुमच्याही घरी असंच असणार. लाल कापडात दोन लांबट कागद मोडीत. एक उर्दू शिक्क्याचा. आणि एक वही मुडियात, म्हणजे आपल्या जुन्या महाजनी लिपीत, काना-मात्रा नसलेली. त्या लिपीची ती गोष्ट माहीत आहे ना? "काकाजी अजमेर गया" लिहिलं आणि घरच्यांनी "काकाजी आज मर गया" वाचून रडायला सुरुवात केली. म्हणून अंदाजानं वाचू नका, जाणकाराकडून वाचून घ्या. तारखांचा घोळही इथेच होतो. एकाच घरात तीन सनं असतात. फसली असेल तर ५९० मिळवा, शके असेल तर ७८ मिळवा, विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा. एखादं वर्ष इकडेतिकडे होईल, पण शतक चुकणार नाही. आमच्या उर्दू कागदावर १२९५ फसली होतं, म्हणजे १८८५ च्या आसपासचं. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, घामेजतात. सुती कापडात गुंडाळा, वर दोन-चार कडुनिंबाची सुकी पानं ठेवा, आणि आधी मोबाइलवर फोटो काढून घ्या.

मोडी कागद वाचून आणले. ते खरेदीखत निघालं. विकत घेणाऱ्याचं नाव, विकणाऱ्याचं नाव, रक्कम, साक्षी, आणि चतुःसीमा. घरातल्या एकाही बाईचं नाव नाही. ते घर घेताना कुणाच्या अंगावरचे दागिने मोडले असतील तर तेही नाही.

वाचून दाखवताना मी चतुःसीमेपाशी थांबले, कारण एक शब्द लागत नव्हता. काकीसा ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "उत्तरेला सराईकडे जाणारी वाट. पूर्वेला विहीर, आता बुजवली ती. दक्षिणेला तेल्याचं घर. सासूबाईंनी मला लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी पाठ करायला लावलं होतं."

पुतण्या शेजारीच बसला होता. त्यानं फोन काढला आणि म्हणाला, "काकीसा, परत सांगा, हळू. आणि मृत्यूचा दाखला कुठे ठेवलाय काकासांचा? अर्जाला लागेल. तुमचं नाव आधार कार्डावर आहे तसंच लिहायला पाहिजे."

काकीसांनी सुपातला एक खडा काढून बाजूला ठेवला आणि परत पहिल्यापासून सांगायला लागल्या.