मनोधैर्य

१९७२ साली देसाईगंजच्या पोलीस चौकीतच एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयात दोघे पोलीस निर्दोष सुटले. देश खवळला, १९८३ साली कायदा बदलला. पण त्यात विचार झाला तो शिक्षेचा. त्या पोरीच्या औषधपाण्याचं काय?

ते सुचायला पुढं तीस वर्षं गेली! २०१३च्या ऑक्टोबरात महाराष्ट्र शासनानं ‘मनोधैर्य’ योजना काढली. मदत ३ लाखांपर्यंत. २०१७ साली मर्यादा १० लाखांवर गेली. पारावर कुणी म्हणतं, ‘ही अब्रूची किंमत काय?’ किंमत कसली! मोडलेला संसार सावरायचा तो खर्च.

तासगावची बाई असेल, तर फिर्याद नोंदल्यावर अर्ज जातो सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. गुरुजी, एवढं गावात सांगाच: पहिल्या मदतीसाठी खटल्याच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.