लोणारचा दैत्य आणि पडद्यावरचा सैतान

वऱ्हाडांतील बुलढाणा जिल्ह्यांत लोणार म्हणून जें गांव आहे, त्याच्या लगतच काळ्या पाषाणांत एक प्रचंड वर्तुळाकार खळगा पडलेला आहे. त्याचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर. तळाशीं खारें, हिरवट पाणी. उतारावर दाट झाडी, आणि तींत जुन्या देवळांचे अवशेष. गांवांत दैत्यसूदनाचें चालुक्यकालीन शैलीचें सुंदर मंदिर आहे. त्याच्या गाभाऱ्यांत पायांखालीं दैत्य तुडवून उभी राहिलेली विष्णूची मूर्ति आहे. हा दैत्य म्हणजे लवणासुर. तो जमिनीच्या पोटांत घर करून राही आणि रात्रंदिवस लोकांना छळी. विष्णूनें सुंदर तरुणाचें रूप घेतलें, दैत्याच्या दोन बहिणींकडून त्याच्या बिळाचा ठाव काढला आणि पायाच्या अंगठ्यानें त्यावरचें झांकण उडवून दैत्याला ठार केलें. तें झांकण दूर जाऊन पडलें, त्याची टेंकडी झाली. दैत्याच्या रक्ताचें पाणी झालें आणि मांसाचें मीठ झालें, असें तेथील दंतकथा सांगते.

एकाद्या चित्रपटाला लागतें तें सर्व या कथेंत आहे: भूमीखालचें घर, मोहांत पडलेल्या बहिणी, वेषांतर केलेला देव आणि अखेरचा संहार. महाराष्ट्रांत दैत्याची आठवण ठेवण्याचा कालही ठरलेला आहे. पितृपक्ष संपून नवरात्र बसलें कीं महिषासुर येतो, दसऱ्याला रावण येतो आणि आश्विन वद्य चतुर्दशीला अभ्यंगस्नान झाल्यावर पायाच्या अंगठ्यानें कारीट चिरडून नरकासुर मारला जातो. पाश्चात्य देशांतही याच सुमारास, ऑक्टोबरच्या अखेरीस, भुतांच्या व सैतानाच्या गोष्टी सांगण्याची आणि तशीं चित्रें पाहण्याची चाल आहे. या दिवसांत घरोघर पाहिल्या जाणाऱ्या चित्रांतून दैत्याचें रूप कसकसें पालटत गेलें, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

चलच्चित्राचा आणि सैतानाचा संबंध फार जुना, जवळजवळ जन्मापासूनचा आहे. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं चित्रें प्रथम दाखविण्यांत आलीं. त्याच वर्षाच्या अखेरीस पॅरिसमध्यें जॉर्ज मेलिएस या जादूगारानें सैतानाच्या वाड्याचें अवघें तीन-एक मिनिटांचें चित्र लोकांपुढें मांडलें. एक वटवाघूळ वाड्यांत शिरतें, गिरक्या घेतें आणि क्षणांत त्याचा सैतान होतो. तो कढईंतून माणसें काढतो, सांगाडे उभे करतो आणि शेवटीं क्रूस पाहून नाहींसा होतो. मेलिएस मूळचा रंगभूमीवरचा जादूगार. कॅमेरा मध्येंच थांबवून पुन्हां चालू केला कीं वस्तु अदृश्य करतां येते, ही युक्ति त्याला साधली होती. आणि अदृश्य होणें हा तर सैतानाचा मूळचाच धंदा! तेव्हां या नव्या विद्येनें पहिल्याच वर्षीं त्याला कामावर ठेवावें, यांत नवल नाहीं. पुढें १९२६ सालीं जर्मनीच्या मुर्नाऊनें 'फाउस्ट' काढला. त्यांत एमिल यानिंग्स या नटाचा सैतान आपला काळा पंख साऱ्या गांवावर पसरतो आणि त्या सांवलींतून महामारी उतरते. मूक चित्रांत याहून भयाण देखावे फार थोडे आढळतील.

तथापि तिकडचा सैतान आणि इकडचा असुर यांना एकच समजणें योग्य होणार नाहीं. सैतान हा ईश्वराचा वैरी आणि मोह घालणारा व्यापारी आहे. तो करार करतो व मोबदल्यांत आत्मा मागतो. असुराची गोष्ट निराळी. तो तप करतो, उपास करतो, देवाला प्रसन्न करतो आणि रीतसर वर मिळवितो. त्याचा नाश होतो तो मिळालेला वर पचविण्याची ताकद नसल्यामुळें. सैतानापाशीं माणूस फसतो. असुराच्या कथेंत पुष्कळदां देवच अडचणींत सांपडतो. 'सैतान' हा शब्दसुद्धां मराठींत बाहेरून, अरबीकडून आलेला. तो व्रात्य मुलालाही सहज लावला जातो, यावरून येथल्या मनाला त्याची धास्ती किती बसली तें दिसतेंच.

दादासाहेब फाळके यांनीं ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आणला आणि त्यामागोमाग त्याच वर्षीं 'मोहिनी भस्मासुर' तयार केला. ज्याच्या डोक्यावर हात ठेवावा तो भस्म व्हावा, असा वर शंकराकडून मिळवून शंकराच्याच मागें लागलेला असा हा दैत्य. दुर्गाबाई कामत यांनीं त्यांत पार्वतीची आणि त्यांची कन्या कमला हिनें मोहिनीची भूमिका केली. पडद्यावर स्त्रिया येण्याचा हा भारतांतील आरंभ मानला जातो, आणि तो घडला एका दैत्याच्या कथेंत. पुढें १९१७ त 'लंकादहन' आणि १९१९ त 'कालियामर्दन' हीं चित्रें आलीं. 'कालियामर्दना'च्या आरंभीं फाळक्यांची लहानगी कन्या मंदाकिनी आपल्या खऱ्या रूपांत मुद्राभिनय करते आणि मग तिचाच बालकृष्ण होतो. देव हा वेष घेतलेलें एक मूल आहे, हें कळूनही प्रेक्षकांची श्रद्धा ढळली नाहीं. त्या काळच्या या चित्रांतील दैत्य बाहेरून येई आणि देवाच्या हातून मरे. प्रेक्षक निश्चिंत मनानें घरीं जात.

ही निश्चिंती पहिल्यानें मोडली ती कोल्हापुरांत. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनें १९२५ सालीं 'सावकारी पाश' हें मूकचित्र काढलें. त्यांत ना शिंगें होतीं ना सुळे. एक शेतकरी, त्याची जमीन गिळणारा सावकार, आणि पडक्या झोपडीपाशीं विव्हळणारें कुत्रें, एवढ्यावर त्या चित्राची भीति उभी होती. तरुण शेतकऱ्याचें काम केलें होतें व्ही. शांताराम यांनीं. भस्मासुराला डोक्यावर हात ठेवावा लागे. सावकाराला कागदावरचा अंगठा पुरे झाला. पुढें १९३४ सालीं शांतारामांनीं प्रभातच्या 'अमृतमंथना'चें दिग्दर्शन केलें. देवीपुढें पशूंचा आणि माणसांचा बळी देण्याची चाल बंद करूं पाहणारा राजा आणि त्याविरुद्ध कारस्थान रचणारा राजगुरु, हा त्याचा विषय. राजगुरूचा एकच डोळा सारा पडदा व्यापून प्रेक्षकांवर रोखलेला दिसतो. मराठी चित्रांत तो केशवराव दाते यांचा होता, तर हिंदींत चंद्रमोहन यांचा. दैत्य येथें देवळांत, पुजाऱ्याच्या आसनावर बसलेला होता.

१९७३ हें वर्ष या इतिहासांत चमत्कारिक ठरतें. त्या वर्षाच्या अखेरीस अमेरिकेंत 'एक्झॉर्सिस्ट' हें चित्र आलें आणि एका बारा वर्षांच्या मुलीच्या अंगांत शिरलेल्या सैतानानें सुशिक्षित शहरांतील प्रेक्षकांचीही गाळण उडविली. त्याच वर्षीं लोणारच्या खळग्यासंबंधीं शास्त्रज्ञांचें संशोधन प्रसिद्ध झालें. १८२३ सालीं अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानें या सरोवराची नोंद केल्यापासून तो ज्वालामुखीचा अवशेष असावा, असा तर्क चालत आला होता. आतां तेथील खडकांत प्रचंड आघातानेंच बनणारी कांच सांपडली आणि अंतराळांतून येऊन आदळलेल्या अशनीमुळें हा खळगा पडल्याचें सिद्ध झालें. एकीकडे पडद्यावर सैतान परतला आणि दुसरीकडे बुलढाणा जिल्ह्यांतला दैत्य आपलें बीळ गमावून बसला. तरीही दैत्यसूदनाच्या मंदिरांत पूजा चालूच राहिली. २०२० च्या जून महिन्यांत सरोवराचें पाणी एकाएकीं गुलाबी झालें, तेव्हां त्याचें कारण खाऱ्या पाण्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांत सांपडलें; पण लवणासुराचें रक्त ज्यांना आठवलें नसेल असे वऱ्हाडी थोडेच!

मराठी मनानें दैत्याची थट्टाही मनमुराद केली आहे. १९९३ सालीं महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' आला. तात्या विंचू हा गुंड मरतांना मंत्राच्या जोरावर एका बाहुल्यांत शिरतो. दिलीप प्रभावळकरांनीं साकारलेला तात्या, रामदास पाध्ये यांचा बाहुला आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची भेदरलेली धांवपळ यांनीं एका पिढीला भीति आणि हंसूं एकाच वेळीं दिलें. मूळ कल्पना परदेशी असली, तरी बाहुल्याच्या तोंडची शिवी अस्सल मराठी होती.

या परंपरेचा कळस मात्र १२ ऑक्टोबर २०१८ रोजीं, ऐन नवरात्रांत, प्रकट झाला. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' हिंदींत असला, तरी त्यांतला पाऊस, वाडा आणि माणसें कोंकणांतलीं आहेत. नारायण धारप यांच्या भयकथांचें ऋण त्यावर आहे, आणि त्याचें नांव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीची आठवण देतें. समृद्धीच्या देवीचा पहिला मुलगा हस्तर. त्यानें आईचें सोनें घेतलें आणि धान्यालाही हात घातला, तेव्हां देव त्याच्यावर तुटून पडले. आईनें त्याला वांचविलें, पण एका अटीवर: त्याची पूजा कधीं होणार नाहीं, त्याचें नांव कोणी घेणार नाहीं. तो लवणासुराप्रमाणेंच भूमीच्या पोटांत पडून आहे, सोनें जवळ आणि भूक न शमलेली. त्याच्याकडे कणकेची बाहुली टाकून सोन्याचीं नाणीं पळविणारा विनायक हा या कथेचा खरा विषय आहे. येथें कोणी विष्णु येत नाहीं. विनायकाचा मुलगा अखेरीस बापानें पुढें केलेलें सोनें नाकारतो, एवढाच काय तो दैत्यसंहार. हें चित्र प्रथम आलें तेव्हां त्याला मोठी गर्दी लाभली नाहीं. परंतु सप्टेंबर २०२४ मध्यें तें पुन्हां चित्रगृहांत लागलें आणि पहिल्या वेळेपेक्षां अधिक उत्पन्न त्यानें मिळविलें.

भस्मासुरापासून हस्तरापर्यंतच्या या प्रवासाला केवळ करमणुकीचें मोल आहे, असें समजूं नये. लोणार ज्या जिल्ह्यांत आहे, त्याच बुलढाणा जिल्ह्यांत पिंपळगांव सराई येथें सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तेथें मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, आणि बाधा झालेलीं समजलीं जाणारीं माणसें त्यांचे आप्त मोठ्या आशेनें तेथें आणतात. त्यांतील कित्येकांना मनाचा आजार असतो, आणि त्यांना ईश्वराइतकीच वैद्याचीही गरज असते. महाराष्ट्रांत २०१३ सालीं जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरविण्याच्या निमित्तानें माणसाला दोरखंडानें बांधणें, मारहाण करणें हा त्या कायद्यानें गुन्हा ठरला. कायद्याच्या नांवांतच 'नरबळी' हा शब्द आहे. 'अमृतमंथना'नंतर ७९ वर्षांनींही तो घालावा लागला, यावरून राजगुरूचा डोळा अद्याप मिटला नव्हता, हेंच दिसून येतें.

म्हणून या हंगामांत घरांतील मंडळींनीं एकत्र बसून पाहावयाचीं चित्रें निवडतांना एक कसोटी उपयोगीं पडेल. 'झपाटलेला' मुलांबरोबर हंसण्यासाठीं पाहावा. 'फाउस्ट' आणि 'अमृतमंथन' जाणत्यांनीं सावकाश पाहावे. 'तुंबाड' मात्र मुलें निजल्यावर. पडद्यावरचा दैत्य कोणाच्या रूपांत दाखविला आहे, हें प्रत्येक वेळीं पाहावें. जें चित्र आजारी, अशक्त माणसाच्या अंगांत सैतान दाखवून थांबतें, तें भय वाढवितें. जें सावकाराच्या वहींत, पुरोहिताच्या डोळ्यांत किंवा विनायकाच्या मुठींत तो दाखवितें, तें भय योग्य ठिकाणीं नेऊन ठेवतें. लोणारचें झांकण देवानें अंगठ्यानें उडविलें, अशी कथा आहे. मनुष्याच्या लोभावरचें झांकण ज्याचें त्यालाच उघडावें लागतें, आणि त्या कामीं एकादें चांगलें चित्र हातभार लावूं शकतें.