डॅनिश पेस्ट्रीचे पदर लोण्यावरच अवलंबून

बंगळुरूच्या पूर्वेकडील महादेवपुरा हा भाग माहिती तंत्रज्ञान उद्योगामुळे विस्तारला असून, नोकरीनिमित्त देशाच्या विविध प्रांतांतून आलेली कुटुंबे येथे राहतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील या शहराची सौम्य हवा, घरी डॅनिश पेस्ट्री करू इच्छिणाऱ्यांना अनुकूल ठरते. सारण भरलेल्या या गोड पदार्थाचे यश प्रामुख्याने लोण्यावर आणि त्याच्या तापमानावर अवलंबून असते.

बंगळुरूला गोड सारणाच्या बेकरी पदार्थांची ओळख नवी नाही. चिकपेट येथे १८९८ मध्ये सुरू झालेल्या बी. बी. बेकरीपासून अय्यंगार बेकऱ्यांची परंपरा सुरू झाली, असे मानले जाते. खोबरे व टुटीफ्रुटी भरलेला 'दिलपसंद' हा या बेकऱ्यांचा लोकप्रिय पदार्थ आहे. पुण्यातही अय्यंगार बेकऱ्या परिचित आहेत.

व्हिएन्नाचा वारसा

डॅनिश पेस्ट्रीचे मूळ मात्र ऑस्ट्रियात आहे. डेन्मार्कमध्ये १८५० मध्ये बेकरी कामगारांनी संप पुकारला, तेव्हा मालकांनी ऑस्ट्रियातून कारागीर आणले आणि त्यांची पद्धत पुढे डॅनिश कारागिरांनी आत्मसात केली, असा इतिहास सांगितला जातो. डेन्मार्कमध्ये आजही या पदार्थाला 'व्हिएन्नाचा पाव' अशाच अर्थाचे नाव आहे.

तूप का चालत नाही?

मराठी घरांत चिरोट्यांना साटा लावून पदर सोडवले जातात. त्यामुळे येथेही तूप चालेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी असते. भट्टीत त्याची वाफ होते व ती पदर उचलते. यीस्टमुळे पीठ आतून हलके होते. तुपात पाणी जवळजवळ नसल्याने हा परिणाम साधत नाही. घरच्या ताज्या लोण्यात उलट पाणी जास्त असते. ते पिळून काढले नाही, तर पीठ चिकट होते.

कृती

५०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम साखर, ७ ग्रॅम कोरडे यीस्ट, चमचाभर मीठ, एक अंडे, ४० ग्रॅम मऊ लोणी आणि सुमारे २५० मिलिलिटर थंड दूध एकत्र मळावे. अंडे नको असल्यास तेवढेच दूध वाढवावे. लोणी खारवलेले असल्यास मीठ कमी करावे. वेलदोड्याची पूड अवश्य घालावी. उत्तर युरोपातील गोड पावांतही ती आवडीने वापरली जाते.

पीठ तासभर फ्रीजमध्ये ठेवावे. २५० ग्रॅम थंड लोणी बटर पेपरमध्ये चौकोनी लाटून पिठाच्या पोळीवर ठेवावे व चारही कोपरे दुमडून झाकावे. नंतर लांबट लाटून तिहेरी घडी घालावी. प्रत्येक घडीनंतर पीठ अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावे. अशा तीन घड्यांनी लोण्याचे २७ थर तयार होतात.

पोळी लाटून चौकोन कापावेत. मध्यभागी चमचाभर घट्ट कस्टर्ड, जॅम किंवा लोणी, साखर व बदामाची पूड यांचे सारण ठेवावे. ओल्या नारळाचे सारण कोरडे परतून घेतल्यास तेही चालते. पेस्ट्री फुगण्यासाठी तासभर ठेवावी. मात्र तापमान २७ अंशांपेक्षा अधिक नसावे, अन्यथा लोणी वितळून बाहेर येते. शेवटी २०० अंश सेल्सिअसला १५ ते २० मिनिटे भाजावे. मुंबई, कोकण किंवा विदर्भात उन्हाळ्यात हा प्रयोग टाळून हिवाळ्यातील सकाळ निवडणे योग्य.

आरोग्याचा प्रश्न

लोणी लवकर वितळते आणि महागही पडते. त्यामुळे व्यावसायिक उत्पादनात मार्गारीन किंवा वनस्पती तूप वापरले जाते. अंशतः हायड्रोजनीकरण केलेल्या तेलांतील ट्रान्स फॅट हृदयविकाराचा धोका वाढवतात. त्यांच्यावर २००३ मध्ये कायद्याने मर्यादा घालणारा डेन्मार्क हा पहिला देश ठरला. भारतात अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ही मर्यादा जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांवर आणली.

घरी करताना स्निग्ध पदार्थाची निवड आपल्या हाती असते. तथापि लोण्यातही संपृक्त मेद भरपूर असल्याने ही पेस्ट्री सणासुदीच्या पक्वान्नाप्रमाणे, बेतानेच खावी. भाजल्यानंतर पदर लवकर मऊ पडतात, म्हणून ती त्याच दिवशी संपवणे इष्ट.