खांद्यावरचं विमान

आठवीत असताना मी एकदा वर्गात सांगितलं, की एका विमानाच्या पाठीवर दुसरं विमान बसवून दोन्ही उडवली होती. वर्ग खो खो हसला आणि पुढं दहावीपर्यंत माझं नाव ‘डबलडेकर’ पडलं. (आपल्या ग्रुपवर अजूनही काही जण त्याच नावानं हाक मारतात.) विज्ञानाचे सर मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “बरं, मग वरचं विमान सुटताना खालच्याच्या शेपटीवर आपटत का नाही?” माझ्याकडं तिकिटांच्या वहीत चिकटवलेल्या एका कात्रणापलीकडं काहीच नव्हतं. “उद्या कात्रण आण,” ते म्हणाले. लाजेनं मी ते नेलंच नाही. सर, आज उत्तर देतो.

त्या काळात लांबच्या टपालासाठी पाण्यावर उतरणारी विमानं वापरत. धावपट्ट्या कमी होत्या, पाणी सगळीकडं होतं. इंग्लंडहून पूर्वेकडं जाणाऱ्या उडत्या नौका कराचीनंतर राजसमंद आणि ग्वाल्हेरच्या तलावांवर उतरत. पण अटलांटिकमध्ये मध्येच थांबायचं कुठं? सगळं पेट्रोल बरोबर घ्यावं तर टपालाला जागा उरेना. आणि दोन्ही घ्यावं, तर विमान पाण्यावरून उठेना.

गंमत अशी, की एकदा हवेत गेलेलं विमान बरंच जास्त ओझं पेलू शकतं. अडचण असते ती उठतानाच. इम्पीरियल एअरवेजच्या मेजर रॉबर्ट मेयो यांनी हेच हेरलं. खाली ‘माया’ ही मोठी उडती नौका, तिच्या पाठीवर फ्लोट लावलेलं छोटं ‘मर्क्युरी’. प्रत्येकाला चार इंजिनं. उठताना आठही इंजिनं एकदम चालायची. ही जोडी रॉचेस्टरच्या शॉर्ट ब्रदर्सनी बांधली.

आता सरांचा प्रश्न. पंखांची रचना अशी होती, की ठरावीक वेगाला वरचं विमान स्वतःच्या वजनापेक्षा जास्त उचल घेई आणि सांध्याला वर ओढू लागे. खालच्याची उचल मात्र अपुरी पडे. ही ओढ वैमानिकांना दिसत असे. दोघंही आपापली कडी सोडत. तिसरी कडी पुरेशी ओढ बसली की आपोआप सुटे. सुटताक्षणी वरचं वर जाई, खालचं खाली. आपटायला ती एकमेकांजवळ राहतच नसत. हवेत पहिल्यांदा ती सुटी झाली ६ फेब्रुवारी १९३८ रोजी.

२१ जुलै १९३८ ला आयर्लंडमधल्या फॉइन्सजवळ मर्क्युरी सुटलं. वैमानिक डॉन बेनेट, सोबत एक रेडिओवाला; मालात वर्तमानपत्रं आणि बातमीपटांची रिळं. २० तास २१ मिनिटांनी ते माँट्रियलजवळ उतरलं. परतीची कथा मला जास्त आवडते: तिकडं खांदा द्यायला माया नव्हती, म्हणून ते हलक्या ओझ्यानं, अझोर्स-लिस्बन असे मुक्काम करत परतलं. जाताना खांद्यावर, येताना पायी! ऑक्टोबरात स्कॉटलंडमधल्या डंडीहून ते न थांबता थेट दक्षिण आफ्रिकेतल्या ऑरेंज नदीच्या मुखाशी उतरलं, सुमारे ९,७०० किलोमीटर. जायचं होतं केपटाउनला. तेवढं पेट्रोल पुरलं नाही.

इतकं जमूनही अशी दुसरी जोडी बांधली गेली नाही. ऑगस्ट १९३९ मध्ये अटलांटिकचं टपाल नेणाऱ्या उडत्या नौका हवेतच पेट्रोल भरून घेऊ लागल्या, आणि एका टपालासाठी दोन विमानं कोण पोसणार? मग युद्ध आलं. मे १९४१ मध्ये पूल बंदरात जर्मन बॉम्बनं माया बुडाली. त्याच वर्षी मर्क्युरी मोडून त्याचं अ‍ॅल्युमिनियम वितळवलं गेलं.

कात्रण पिवळं पडलंय, पण वहीत आहे. मेळाव्याला येताना घेऊन येतो. सर, आणायचं राहिलं होतं.