ध्वनिफितीवरची नववी सिंफनी

सन १९४४ मध्ये जॉन मलिन नावाचा एक अमेरिकन लष्करी अभियंता इंग्लंडमध्ये रात्री उशिरापर्यंत काम करीत असे. मध्यरात्री ब्रिटिश केंद्रे बंद झाली की तो जर्मन केंद्र लावी, आणि तेथे भरगच्च वाद्यवृंद वाजत असे. ऐकून तो चक्रावून जाई. तबकडी लावली असती तर सुईची खरखर ऐकू आली असती, आणि चार-साडेचार मिनिटांनी बाजूही पालटावी लागली असती. येथे दोहोंपैकी काहीच नव्हते. तेव्हा हिटलरच्या हुकुमावरून वादक खरोखरच अपरात्री वाजवीत बसत असावेत, असा तर्क त्याने केला. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये फ्रँकफुर्टजवळील बाड नाउहाइमच्या नभोवाणी केंद्रात त्याला या कोड्याचा उलगडा झाला. तेथे वादक नव्हते. चुंबकीय फीत होती.

जुन्या मैफलींच्या ध्वनिमुद्रणांचा न्याय करावयास बसणाऱ्याने ही फसगत ध्यानात ठेवावी. मलिनचा कान कच्चा नव्हता. त्याला यंत्र ठाऊक नव्हते, इतकेच. आपल्याला यंत्र ठाऊक आहे, इतिहासही ठाऊक आहे. आणि त्यामुळे आपली फसगत निराळ्या रीतीने होते.

ते यंत्र म्हणजे आ.ए.गे. या कंपनीचा माग्नेटोफोन. १९३५ साली तो बर्लिनच्या प्रदर्शनात मांडला गेला, परंतु फितीची सळसळ इतकी असे की संगीताला त्याचा फारसा उपयोग नव्हता. १९४० मध्ये जर्मन नभोवाणीतील वाल्टर वेबर या अभियंत्याला, काहीसे अपघातानेच, असे आढळून आले की मुद्रणाच्या प्रवाहात कानाला ऐकू न येणाऱ्या अतिउच्च कंप्रतेचा प्रवाह मिसळला असता ही सळसळ विलक्षण कमी होते. सेकंदाला ७७ सेंटिमीटर वेगाने धावणाऱ्या या फितीवर सिंफनीचा संपूर्ण भाग न तुटता उतरू लागला. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत कोंबलेला ख्याल ज्यांनी ऐकला आहे, आणि त्याच गवयाची रात्रीची बैठकही ज्यांनी ऐकली आहे, त्यांना या फरकाचे मोल वेगळे सांगावयास नको.

बर्लिन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचे संचालक विल्हेल्म फुर्टवेंग्लर यांच्या मैफली या फितीवर उतरल्या. त्यांच्या नभोवाणी-मुद्रणांचे काम पाहणारे गृहस्थ होते फ्रीड्रिश श्नाप. मार्च १९४२ मध्ये, २२ ते २४ तारखांच्या दरम्यान झालेल्या मैफलींतून बेटहोवेनच्या नवव्या सिंफनीचे जे मुद्रण उरले, त्याच्याइतकी चर्चा दुसऱ्या कोणत्याही सिंफनीच्या मुद्रणाची क्वचितच झाली असेल. ज्या सभागृहात ते झाले ती फिलहार्मोनी ही वास्तू मुळात चाकांच्या बुटांवरून घसरण्याच्या खेळासाठी बांधलेली होती, आणि तरीही तिच्या नादगुणाची ख्याती मोठी होती. ३० जानेवारी १९४४ रोजी ती बाँबवर्षावात नष्ट झाली. म्हणजे या फितीवर आपण एक वादन ऐकतो, तसेच आज अस्तित्वात नसलेले एक सभागृहही ऐकतो.

आता प्रत्यक्ष ऐकावयास बसू. पहिल्या भागाचा आरंभ अगदी दबक्या आवाजात होतो; तंतुवाद्ये थरथरत असतात आणि मुख्य कल्पना जणू धुक्यातून आकार घेते. पुढे हीच कल्पना मध्यावरून परतते, ती मात्र पूर्ण बळाने, आणि टिंपनी हे पाश्चात्य नगारे तिच्याखाली सतत घुमत राहतात. १९४२ च्या मुद्रणात येथे जे घडते ते भयंकर आहे, दुसरा शब्द मला सुचत नाही. नगाऱ्यांचा कल्लोळ वाद्यवृंदाला गिळून टाकतो. अनेक रसिकांना त्यात युद्धाचा कडकडाट ऐकू आला, कित्येकांना फुर्टवेंग्लरांचा संतापही.

पण थोडे थांबावे. जोराच्या जागी या फितीवरील नाद फाटतो. समूहगायकांचे चढे सूरही शेवटच्या भागात असेच फाटतात. यंत्राने सोसण्यापलीकडचा आवाज त्याच्यावर आदळला, की त्याला धार येते आणि कर्कशपणाही येतो. तेव्हा नगाऱ्यांच्या त्या भीषणतेतला वाटा कोणाचा किती? माझ्या मते तो पुष्कळसा मायक्रोफोनचा आहे. जे यंत्राला घडविता येत नाही ते शोधावे. त्या स्फोटापूर्वी वाद्यवृंद ज्या रीतीने लय ताणतो, ती काही मायक्रोफोनची करामत नव्हे. तिसरा भाग बहुतांशी मंद स्वरात चालतो, तेथे यंत्रावर ताण नाही. आणि तेथील व्हायोलिनांचा दीर्घ श्वास ऐकला म्हणजे हे वादन खरोखरीच असामान्य होते याविषयी शंका उरत नाही. मला विचाराल तर या मुद्रणाचे श्रेष्ठत्व तेथे सिद्ध होते, नगाऱ्यांपाशी नव्हे.

लयीविषयी मात्र आणखी एक सावधगिरी हवी. १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्याने बर्लिनच्या नभोवाणीतील फिती मॉस्कोला नेल्या, आणि पुढे मेलोडिया या सोव्हिएत संस्थेने त्यांवरून तबकड्या काढल्या. त्यांतील कित्येकांवर वादन मूळ सुरापेक्षा चढे वाजते, कारण फितीचा वेग बरोबर ठेवलेला नव्हता. सूर चढला की लयही चढते. अर्ध्या सुराचा फरक पडला तर चौऱ्याहत्तर मिनिटांची सिंफनी सुमारे सत्तर मिनिटांत संपेल! अशा तबकडीवर ऐकणाऱ्याने वादनातील तणावाची वाखाणणी केली, तर ती त्याने काही प्रमाणात मोटरीची केली. तपासणे सोपे आहे. ही सिंफनी डी या सुरावर, म्हणजे आपल्या भाषेत पांढरी दोनवर, संपते. घरी नीट सुरात लावलेली पेटी असली तरी पुरे. १९८७ मध्ये या फितींच्या प्रती बर्लिनला परत मिळाल्या, आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत हा दोष बव्हंशी सुधारला गेला.

दुसरा घोटाळा तारखेचा. हीच सिंफनी फुर्टवेंग्लरांनी १९ एप्रिल १९४२ रोजी, हिटलरच्या वाढदिवसाच्या पूर्वसंध्येस पुन्हा सादर केली. तिच्या अखेरीचे चित्रण उपलब्ध आहे. वादन संपल्यावर गोबेल्स पुढे येऊन संचालकाशी हस्तांदोलन करतो. ते दृश्य एकदा पाहिले की विसरत नाही. त्यामुळे मार्चमधील मुद्रण ऐकतानाही लोक एप्रिलचे ते हस्तांदोलन मनात घेऊन ऐकतात. ज्या काव्यात सर्व मानव बंधू होतात असे म्हटले आहे ते त्या नगरीत, त्या वर्षी गाइले गेले, ही गोष्ट हृदय हलविणारी आहेच. परंतु फुर्टवेंग्लर जर्मनीत राहिले ते योग्य की अयोग्य, या वादात फितीला साक्षीस बोलावणे मला पटत नाही. तिच्यावर लय आहे, सूर आहे; उद्देश तिच्यावर उमटत नाही.

युद्धानंतर २९ जुलै १९५१ रोजी बायरॉइटचा महोत्सव पुन्हा सुरू झाला, तो याच सिंफनीने आणि याच संचालकाच्या हाताखाली. एलिझाबेथ ह्योंगेन ही गायिका १९४२ प्रमाणे तेव्हाही गायली. फुर्टवेंग्लर नोव्हेंबर १९५४ मध्ये निवर्तले, आणि १९५५ मध्ये इ.एम.आय. कंपनीने या मैफलीचे म्हणून जे मुद्रण प्रसिद्ध केले, ते अर्धशतकभर एका रात्रीच्या अखंड प्रेरणेचा नमुना मानले गेले. पुढे २००७ च्या सुमारास बव्हेरियन नभोवाणीची फीत प्रकाशात आली आणि रसिक बुचकळ्यात पडले. कारण दोन मुद्रणे जागोजागी जुळत नव्हती. कंपनीच्या मुद्रणात रंगीत तालमीतील तुकडे बरेच जोडलेले आहेत, असे आता बहुतेक जाणकार मानतात.

मीही त्या ‘अखंड प्रेरणे’चे गोडवे गाणाऱ्यांतला. कान जोड ओळखू शकला नाही याची थोडी लाज वाटते खरी; पण पुन्हा ऐकताना त्यातील मंद भाग मला पूर्वीइतकाच सुंदर वाटला. तो तालमीत वाजला असला, तरी वाजविणारे तेच होते. मात्र मैफल म्हणून जे ऐकावयाचे, ते बव्हेरियन फितीवर ऐकावे. तेथे काही प्रवेश चुकतात, आणि त्याबरोबर धोका पत्करून वाजविणाऱ्यांची ती धडपडही ऐकू येते.

२०२१ मध्ये स्वीडिश नभोवाणीने त्या संध्याकाळी सहक्षेपित केलेल्या कार्यक्रमाची फीतही प्रसिद्ध झाली, आणि ती बव्हेरियन फितीशी जुळली. तिच्यातून काहीही कापलेले नाही. प्रथम निवेदकाचे शब्द येतात, मग वादन सुरू होण्यापूर्वीची सभागृहाची कुजबुज आणि शांतता. तिचा नाद इतर दोहोंपेक्षा काही वरचढ नव्हे. तरीही मी आता प्रथम तीच लावतो, आणि ती शांतता पुढे ढकलीत नाही.