लोखंड टाळून बांधलेली वेधशाळा

मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीचं चुंबकत्व मोजत. पुढे विजेच्या ट्राम यायच्या ठरल्या. विजेनं मोजमाप बिघडलं असतं, म्हणून नानाभाई मूस यांनी १९०४ मध्ये अलिबागला लोखंड टाळून नवी वेधशाळा उभारली. पण कुलाबा लगेच बंद केलं नाही! १९०६ पर्यंत दोन्हीकडे नोंदी घेऊन फरक ताडला. मला हेच फार आवडतं.

कारखान्यातला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकही असंच करतो. वाफेच्या दाबाचा काटा खात्रीच्या काट्याशी ताडतो. चुकला तर बॉयलरजवळच्या माणसांचा जीव धोक्यात.

आयटीआयचा हा ट्रेड दोन वर्षांचा, दहावीनंतरचा. आपल्या औंढ्याजवळच्या लायगो प्रकल्पाला २०२३ मध्ये मंजुरी मिळालीय. तिथं सगळं काम मोजमापाचंच. नरसीतल्या दहावीच्या मुलींची नावं पुढच्या बैठकीला घेऊन या.